दादाचा राहिलेला विषय

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मी काय गाढवपणा केला ते ऐकताना हसावं की घाबरावं, तुम्हाला कळायचं नाही. मला तरी अजून कळलेलं नाही.

मी गणेश पाष्टे. घरात आणि जेटीवर नुसता गण्या. शिक्षण नववी नापास. काम बर्फाचा टेम्पो चालवण्याचं. कारखान्यातून लाद्या भरायच्या, मिरकरवाड्याच्या जेटीला नेऊन बोटींवर उतरवायच्या. असा हा मी एके दिवशी इंजिनियरिंग कॉलेजात, भरल्या वर्गापुढे, फळ्यापाशी, हातात खडू घेऊन उभा होतो. विषय कुठला? सिस्टीम डायनॅमिक्स!

तुम्ही विचाराल, तू तिथे पोचलास कसा? मला एका कावळ्याने पोचवला.

थांबा, नीट सांगतो.

महेशदादा माझा मोठा भाऊ. वडील आम्ही लहान असतानाच गेले. घरात डोकं होतं एकच, ते दादाच्या खांद्यावर. मला देवाने दिले हात आणि तोंड, आणि दोन्ही विचार करायच्या आधीच चालू होतात. दादा मेकॅनिकलला होता. बाकी सगळे विषय सुटले, हा एक राहिला. पोरं त्याला केटी म्हणतात. म्हणजे वरच्या वर्गात जा, पण हा विषय मानेवर घेऊन जा.

आणि मग दादाला ताप आला. शेतात चिखलात उतरला होता, डॉक्टर म्हणाले लेप्टो. मी हॉस्पिटलात त्याच्या उशाशी. तापात बरळायचा, "गण्या, सिस्टीम डायनॅमिक्स राहिला रे."

मी म्हणायचो, "राहू दे रे! तू आधी बरा हो."

तो बरा झाला नाही. आठवडासुद्धा पुरा झाला नाही हो. जाऊ दे. चहा घ्या.

तर दहावं. दादाचं लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा क्रिया मीच करायची. डोकं तासलेलं, अंगावर ओला पंचा, खाडीच्या काठावर मी पत्रावळीवर पिंड ठेवला आणि सगळे मागे झालो. समोरच्या माडावर कावळे बसलेले. वाटलं, आता येईल. दादाचं काम म्हणजे काय, तो कुणाला ताटकळत ठेवायचा नाही.

कावळा काही येईना.

तुम्हाला सांगतो, त्या वेळेची भीती काही वेगळीच. कावळा शिवला नाही म्हणजे माणसाचा जीव कशाततरी अडकला. आणि घरी आई बसलेली. पायरीवर पाय ठेवल्या ठेवल्या ती एकच विचारणार, "शिवला?"

तेवढ्यात एक कुत्रं हुंगत आलं. मी काठी घेऊन धावलो आणि पिंडाशीच उभा राहिलो. कुत्र्यांचा काय भरवसा? दादाचा घास कुत्र्याने नेला तर?

"भटजी, येत नाय हो," काका म्हणाला.

भटजी लांब झाडाखाली, कानाला फोन. पुढच्या कुणाचं तरी ठरवत होते. तिथूनच हात केला. "येईल, येईल! काही इच्छा राहिली असेल. बोला त्याच्याशी."

मामा हात जोडून म्हणाला, "महेशा, तुझ्या आईला मी अंतर देणार नाय!"

कावळ्याने मान वाकडी केली. बस, तेवढंच.

"इतक्या लांबून त्याला ऐकू कसं जाईल?" काका म्हणाला. "पुढे होऊन बोला." आणि स्वतःच पुढे झाला. "महेश, विहिरीवरचं भांडण मी मिटवतो! आज मिटवतो!"

चुलतभाऊ पुढे झाला. "दादा, तुझी बाईक मी हळू चालवेन!"

जो शब्द देणार तो पुढे येणार, आणि पुढे आलेला मागे थोडाच जातोय! मी तर सगळ्यांच्या पुढे. काठी हलवत ओरडतोय, "ये, ये! काव, काव! ये रे बाबा!" कावळे या माडावरून उठून मागच्या माडावर गेले. मी आणखी पुढे.

शेवटी भटजींनी पिशवीतून दर्भ काढला. कावळा येतच नसेल तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. म्हणजे साहेबाने सही दिली नाही म्हणून शिपायाने शिक्का मारायचा, असला प्रकार! आईला काय सांगू? तुझ्या महेशला गवताचा कावळा शिवला?

डोळ्यांपुढे तो पलंग, ती सलाईन, तो तापलेला हात. आणि मी बोंब ठोकली,

"दादा! तुझा तो सिस्टीम डायनॅमिक्स मी शिकतो! शब्द!"

बोललो, आणि भोवळ येऊन मागच्या मागे खाडीच्या चिखलात आडवा. "अरे गण्या, गण्या!" म्हणत सगळे माझ्याकडे धावले.

आणि सप्प! कावळा पिंडावर!

चिखलात पडल्या पडल्या मी बघितला. आरामात, मान डोलवत जेवत होता.

"शिवला!" काका रडत ओरडला. "गण्याच्या शब्दावर शिवला!"

आता आमची माणसं कशी? मी अंगावरचा चिखल धुईपर्यंत काकाने घरी फोन केला. घरून वाडीत गेला. वाडीतून मुंबईला. मी घरी पोचलो तर शेजारची सुमाकाकी दारातच उभी. "गण्या, तू विंजिनेर होतोयस म्हणे?"

"मी? काकी, मी फक्त एक विषय..."

"एक काय नि दहा काय! दिलास ना शब्द?"

आई आत भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "बाळा, इच्छा तुझ्यापाशी ठेवून गेलाय तो. तू शिकेपर्यंत दारातनं हलायचा नाय. लवकर शिक हो. उभा आहे तो."

उभा आहे तो! आता सांगा, ज्याचा भाऊ दारात उभा आहे त्याला घास जाईल? आई तर धड जेवतच नव्हती. दादाच्या नावाने घास काढायची आणि दाराकडे बघत बसायची. मी दारातून आत शिरताना अंग चोरून शिरायला लागलो. उगाच धक्का लागायला नको.

तेरावं झालं, मी कामावर गेलो. तर टेम्पोवर कावळे!

जेटीवर कावळे असतातच. मासळीचा वास, त्यांना दुसरं काम काय? हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण घाबरलेल्या माणसाला ठाऊक असलेलं कुठे आठवतं? एक तर थेट आरशावर येऊन बसला आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जसा दादा माझ्या प्रगतिपुस्तकाकडे बघायचा.

"शिकतो रे दादा!" मी हात जोडले. "एवढा बर्फ उतरवू दे, मग शिकतो!"

टोपली घेऊन चाललेली एक मासेवाली थांबली. "कुणाशी बोलतोस रे?"

"कावळ्याशी."

"घरी जा मेल्या. डोक्यावर बर्फ ठेव. तुझ्याकडे आयता हाय!"

त्याच दिवशी मी तन्मयला गाठला. तन्मय म्हणजे दादाचा वर्गातला दोस्त, हॉस्टेलवर राहणारा. मला बघून त्याचे डोळे भरले. मी म्हटलं, रडू नंतर, आधी मला सिस्टीम डायनॅमिक्स शिकव.

"तुला इंटिग्रेशन येतं?"

"नाय."

"बीजगणित?"

"नाय."

"मग येतं काय तुला?"

"टेम्पो रिव्हर्स येतो. कितीही चिंचोळी गल्ली असू दे."

तन्मयने कपाळावर हात मारला. पण पोरगा चांगला. म्हणाला, "गुरुवारी केटीवाल्यांचा तास सुरू होतोय. सर नवीन आलेत, कुणाला ओळखत नाहीत. मागच्या बाकावर गप बसून राहा. फक्त तोंड उघडू नकोस. कळलं? तोंड, उघडू, नकोस."

गुरुवारी दादाचा शर्ट घातला. मला ढगळ झाला. तासलेल्या डोक्यावर टोपी घातली आणि मागच्या बाकावर तन्मयला चिकटून बसलो. छाती अशी धडधडत होती की मला वाटलं, पुढचा पोरगा वळून म्हणेल, जरा इंजिन बंद कर.

सर आले. कोल्हापूरकडचे, भारी आवाजाचे. त्यांनी मोबाईल काढला आणि त्यावर बोट मारत हजेरी सुरू केली. पोरं "येस सर, येस सर" म्हणतायत. आणि मग...

"पाष्टे महेश?"

वर्ग गार. कुणी बोलेना. सगळ्या माना खाली.

"पाष्टे महेश?" सर पुन्हा म्हणाले.

आता तुम्हीच सांगा. तुमच्या भावाचं नाव कुणी असं मोठ्याने पुकारलं, आणि त्याला कुणी ओ देईना, तर तुम्ही काय कराल? ती शांतता मला नाही हो सहन झाली. मी ताडकन उठलो आणि शाळेत ओरडायचो तसा ओरडलो,

"हजर सर!"

तन्मयने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की अजून वळ आहे. पण सर खूश!

"हजर! वा रे वाघा! इतक्या दिवसांनी 'हजर' ऐकलं बघ. ये की पुढं. टोपी काढ आधी, वर्गात टोपी कशाला?"

मी टोपी काढली.

"तिरुपतीला जाऊन आलास काय?"

कुणीही हसलं नाही. सरांना ते जरा विचित्र वाटलं असावं, पण त्यांनी माझ्या हातात खडू दिला. बर्फाची लादी उचलणारा माणूस मी, आणि तो एवढासा खडू मला पेलवेना.

"घाबरतोस कशाला? गणित नाही घालत तुला. एक सांग. सिस्टीम म्हणजे काय, तर आपण एका बाजूनं काहीतरी करायचं आणि दुसऱ्या बाजूनं काहीतरी व्हायचं. व्हय का नाही? मग असं एक उदाहरण दे, की आपण करत राहतो, करत राहतो, आणि व्हायचं ते काही होत नाही. घरचं दे, दारचं दे, कुठलं पण दे."

माझ्या डोक्यात एकच उदाहरण होतं. गेले कित्येक दिवस दुसरं काही नव्हतंच.

"कावळा, सर."

"कावळा?"

"पिंडाचा."

सर फळ्याला टेकले. "बोल बोल. हे काय पुस्तकात नाही."

आणि मी बोलत सुटलो. तोंड उघडू नकोस म्हणाला होता तन्मय, पण एकदा उघडल्यावर ते मिटणं कुणाच्या बापाच्या हातात आहे? कुत्रं सांगितलं, काठी सांगितली, मामा, काका, विहीर, बाईक, सगळं सांगितलं. शेवटचा शब्द मी काय दिला ते तेवढं गिळलं. "कुणीतरी एक मोठा शब्द दिला, सर, आणि तो चिखलात पडला. त्याबरोबर कावळा आला! त्या शब्दानेच आला!"

"थांब," सर म्हणाले. "कावळा आला तेव्हा पिंडापाशी कोण होतं?"

"कोण असणार? सगळे त्या पडलेल्याकडे धावले."

"म्हणजे कुणीच नव्हतं."

"कुणीच नव्हतं."

"आणि त्याआधी?"

"आधी सगळे होते. गोल करून. आणि एक जण तर अगदी पिंडावर, काठी घेऊन..."

बोलता बोलता मी खडू धरलेल्या माझ्याच हाताकडे बघितलं.

सरांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'भीती'. तिथून बाण काढला, 'माणूस पुढे'. तिथून बाण, 'कावळा मागे'. आणि तिथून एक मोठा वळसा घालून बाण परत नेऊन टेकवला तो 'भीती'वर.

"बघा रे, ह्याला म्हणायचं फीडबॅक. भ्यालास, की पुढं सरकलास. पुढं सरकलास, की कावळा मागं. कावळा मागं, की आणखी भ्यालास. फिरतंय नुसतं गोल गोल! शब्द कितीही देऊ दे, लाख देऊ दे, कावळा येतोय कुठनं? काठीवाला उभाय की तिथं! तो पडला, गोल तुटला, कावळा आला. अरे, हे समजावायला मला आख्खा तास लागला असता. शाबास पाष्टे!"

शाबास! जन्मात पहिल्यांदा कुठल्या मास्तराने मला शाबास म्हटलं, आणि कशासाठी? भावाचा कावळा हाकलल्याबद्दल!

मी त्या बाणांकडे बघत राहिलो. "म्हणजे सर... ज्याचा पिंड होता, तो अडकला नव्हता?"

"त्याचं मला काय ठाऊक, बाळ? कावळा मात्र काठीवाल्यानं अडवला होता. कुणाचं होतं रे दहावं?"

"दादाचं."

"अरेरे. मोठा भाऊ? काय नाव?"

"महेश पाष्टे."

सर माझ्याकडे बघतात. मग मोबाईलकडे बघतात. परत माझ्याकडे. तासलेलं डोकं, ढगळ शर्ट, पांढरं पडलेलं तोंड. सरांच्या हातातला खडू खाली पडला आणि ते दोन पावलं मागे सरकून टेबलाला धडकले.

"मग मघाशी... हजर कोण म्हणालं?"

"मी भूत नाय, सर!" मी ओरडलो. "मी धाकटा! मी जिवंत आहे! तन्मय, सांग ना रे!"

तन्मय काय सांगणार? तो बाकावर डोकं ठेवून रडत होता. मग मीही रडलो, फळ्याला पाठ लावून, हमसून हमसून. कुणी हसलं नाही. सरांनी मला पाण्याची बाटली दिली आणि त्याच बाटलीतून आधी स्वतः दोन घोट घेतले. शेवटी म्हणाले, "पुढच्या गुरुवारी पण येऊन बस. फक्त हजेरीच्या वेळी गप राहा बाबा. मला घरी बायकापोरं आहेत."

घरी निघालो, पण टेम्पो पुढे जाईना असं वाटत होतं. आईला सांगायचं कसं? की तुझा महेश दारात उभा नव्हताच, तुझ्या धाकट्यानेच काठी घेऊन कावळ्याची वाट अडवली? की वाडीभर गाजलेला तो शब्द, तो कावळ्याने ऐकलासुद्धा नाही? वाटेत एक वाक्य जुळवलं. दुसऱ्या वळणावर मोडलं. परत जुळवलं.

वाडीत शिरलो आणि बघतो तर काय. आमच्या अंगणात बायकांची गर्दी! अगदी दादा गेला त्या दिवशीसारखी. मी टेम्पो तसाच चालू ठेवून धावलो. "आई! आई कुठाय? काय झालं आईला?"

आई ओटीवर बसली होती. धडधाकट. हातात फोन, आणि डोळ्यांना धार.

"गण्या," ती म्हणाली, "तुझा दादा कॉलेजात पोचला रे."

"काय?"

सुमाकाकीने कपाळाला हात लावून नमस्कार केला. "मेसेज आला! कॉलेजचा! आमच्या सुनेने वाचला. वाच गो परत."

सुनेने वाचला, तेही भीतभीत. "आपला पाल्य महेश आजच्या तासाला उपस्थित होता."

माझ्या मानेवरचे केस, जेवढे उगवले होते तेवढे, ताठ उभे राहिले. क्षणभर, खरं सांगतो, मलाही वाटलं की दादाच वर्गात जाऊन बसला. मग आठवलं. सरांचा मोबाईल! त्यावरची ती हजेरी! ती घरी कळते हे मला कुठे ठाऊक? आमच्या वेळी शाळेतून घरी कळायचं ते मास्तर स्वतः छडी घेऊन आले की.

"आई, तो दादा नव्हता!" झालं, सुटलं तोंड. जुळवलेलं वाक्य गेलं उडत. "सरांनी नाव घेतलं, मला राहवेना, मी हजर म्हटलं! आणि मी शिकलो आई, फळ्यावर शिकलो! दादा अडकलेला नव्हताच. मी भ्यायलो नि पुढे पुढे गेलो, म्हणून कावळा येत नव्हता. मी पडलो, सगळे माझ्याकडे धावले, वाट मोकळी झाली, तो आला. दारात कोण उभं नाय आई. दादा कधीच गेला. त्याला अडवणारा मी होतो!"

एका दमात बोललो आणि डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता एक तर हंबरडा येईल, नाहीतर चप्पल.

काहीच आलं नाही. डोळे उघडले तर आई माझ्याकडे बघत होती.

"मग तो सुटला?" तिने हळूच विचारलं.

"तेव्हाच, आई."

तिने पदराने डोळे पुसले. मोठा श्वास घेतला, किती दिवसांनी घेतला असेल! मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "आणि आज वर्गात कोण बसलेलं?"

"मी."

"आख्खा तास?"

"आख्खा तास."

"पळून नाय आलास?"

"नाय."

आईने सुमाकाकीकडे बघितलं. सुमाकाकीने आईकडे. आणि आईच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"मेल्या, खोटं बोलायची काय हद्द! महेश मेल्यावर कॉलेजात जाऊन बसला, हे मी एक वेळ मानेन. पण तू आपल्या पायाने वर्गात गेलास आणि तास संपेपर्यंत बसलास, हे देवळातला देव उठून सांगायला आला ना, तरी मी मानायची नाय!"